कंपनी सरकारच्या दप्तरातली एक ओळ आणि आपला पूर्वज

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपले मूळ गाव कसबे इंदापूर. पुण्याच्या पुराभिलेखागारातून आपण एका मोडी पानाची छायाप्रत मिळवली आणि एका जाणकाराने तिच्यातील एक ओळ आपल्याला वाचून दिली: ‘थळ शेंडे, सखोजी बिन राणोजी उपरी, बिघे ११।।, हस्ते बाळाजी’. पानाच्या माथ्यावर ‘सन तिसा अशरीन’ असे आहे. आपल्या घरच्या वंशावळीत पणजोबा सखाराम, त्यांचे वडील राणोजी आणि त्यांचे वडील सखोजी असा क्रम आहे, आणि शाळेच्या दाखल्यावरून सखारामांचा जन्म १८८९ चा ठरतो. त्यावरून हे सखोजी आपलेच का, आपले आडनाव पूर्वी शेंडे होते का, बाळाजी हा वंशावळीतून गळालेला मुलगा का, आणि त्या यादीत आपल्या भाऊबंदांपैकी दुसरे कोणीच का नाही, असे चार प्रश्न आपण विचारले आहेत.

कोणताही कागद हाती आला की मी आधी नाव वाचत नाही, माथा वाचतो. १८१८ नंतर कंपनी सरकारने जी दप्तरे ठेवली ती कोणाची वंशावळ जपण्यासाठी ठेवली नव्हती. वसूल किती यायचा, तो कोणाकडून यायचा आणि कोणती जमीन सूट मागते आहे, एवढ्यापुरतीच त्या कारकुनाला माणसांशी गाठ होती. त्यामुळे यादीत कोण आहे यापेक्षा ती यादी कशासाठी केली हे आधी कळावे लागते. आपण पाठवलेल्या छायाचित्रात माथ्याच्या दोन ओळी अर्धवट दिसतात, तरी त्यांतील ‘उपरी कुळे’, ‘वसूल’ आणि ‘कलेक्टर’ हे तीन शब्द मला स्पष्ट वाचता आले. म्हणजे ही गावातल्या सगळ्या शेतकऱ्यांची यादी नाही, फक्त उपऱ्यांकडून, म्हणजे त्या जमिनीवर वंशपरंपरेचा हक्क नसलेल्या कसणाऱ्यांकडून, आलेल्या वसुलाची आहे. मिरासदार, म्हणजे जमिनीवर वंशपरंपरेचा हक्क असणारे, त्यात असणारच नाहीत, त्यांचा हिशेब वेगळ्या पानांवर असणार. आपले भाऊबंद तेथे का नाहीत याचे निम्मे उत्तर येथेच आहे, आणि ‘आमचे कूळ त्या काळी गावात नव्हते’ हा आपण काढलेला निष्कर्ष या पानावरून निघत नाही.

आता ‘थळ शेंडे’. येथे फार लोक फसतात आणि फसणे स्वाभाविक आहे, कारण डोळा आडनाव शोधत असतो आणि नावाच्या शेजारी आडनावासारखा शब्द दिसला की तो तेथेच थांबतो. देशावरच्या गावांत जमीन जुन्या काळापासून थळांत विभागलेली असे. ज्या घराण्याने ती मुळात कसली त्याचे नाव थळाला चिकटे, आणि ते घराणे निघून गेले किंवा बुडाले तरी थळाचे नाव कायम राही. अशा बुडालेल्या किंवा परागंदा झालेल्या घराण्याच्या जमिनीला दप्तरात ‘गतकूळ’ म्हणतात. ती पडीक राहू नये म्हणून पाटील ती उपऱ्यांना लावून देत असे. तेव्हा ‘थळ शेंडे’ हा जमिनीचा पत्ता आहे, माणसाचे आडनाव नव्हे. एक पाऊल पुढे जाऊन असेही म्हणता येते की सखोजी शेंडे घराण्यातले असते तर शेंडे थळात ते मिरासदार म्हणून असण्याचा संभव अधिक होता. ते तेथे उपरी आहेत, यावरून ते त्या घराण्याबाहेरचे असावेत हेच जास्त जुळते. आडनाव बदलल्याची कहाणी या ओळीवर उभी राहत नाही.

‘उपरी’ या शब्दानेही आपण थोडे हिरमुसल्याचे आपल्या पत्रावरून वाटले. त्याची गरज नाही. उपरी म्हणजे बाहेरून आलेला भटका माणूस असा अर्थ दप्तरात नाही. त्या विशिष्ट जमिनीवर ज्याचा वंशपरंपरेचा मिरासी हक्क नाही तो उपरी. शेजारच्या गावी मिरास असलेला माणूस येथे उपरी असू शकतो, इतकेच काय, त्याच गावात स्वतःच्या थळात मिरासदार आणि दुसऱ्याच्या गतकुळात उपरी अशी एकाच माणसाची दोन पानांवर दोन रूपे मी अनेकदा पाहिली आहेत. म्हणून त्याच वर्षाची मिरासदारांची यादी, आणि मिळाली तर गावचे थळपत्रक किंवा थळझाडा, म्हणजे थळवार जमिनींची यादी, पुढच्या खेपेस आवर्जून मागवा. तेथे ‘राणोजी’ किंवा ‘सखोजी’ दुसऱ्या एखाद्या थळात मिरासदार म्हणून दिसले, तर ते थळ आपल्या मूळ घराण्याचे असण्याची शक्यता तपासता येईल. क्षेत्रफळावरून मात्र जमीन जुळवू नका. १२० बिघ्यांचा एक चावर हे कोष्टक कागदावर ठरलेले असले तरी बिघा जमिनीच्या मगदुराप्रमाणे लहानमोठा धरला जाई, आणि पुढे एकर-गुंठ्यांत झालेल्या मोजणीशी त्याचा सरळ मेळ बसत नाही. शिवाय आपल्या जाणकाराने ‘११।।’ हे बरोबर वाचले आहे, पण आपण पत्रात त्याचे ‘११ बिघे’ केलेत. त्या दोन उभ्या रेघा म्हणजे अर्धा. एक रेघ पाव, दोन अर्धा, तीन पाऊण. तशाच रेघा अक्षरानंतर आल्या की त्या संक्षेपाची खूण होतात, ‘रा||’ म्हणजे राजश्री किंवा राहणार, ‘मौ||’ म्हणजे मौजे. अंकापुढे आणि अक्षरापुढे एकाच खुणेचे अर्थ वेगळे आहेत, हे एकदा मनात ठसले की पानावरची निम्मी गर्दी ओसरते.

सनाविषयी सविस्तर लिहितो, कारण आपली सगळी गणिते त्यावर आहेत. आपण ‘तिसा अशरीन’चे १२२९ केलेत आणि तो फसली, म्हणजे महसुली वर्षाचा, सन धरून १८१९-२० काढलेत. ‘तिसा अशरीन’ हे अरबी संख्याशब्द आहेत, तिसा म्हणजे नऊ आणि अशरीन म्हणजे वीस, म्हणजे एकोणतीस. शब्दांत लिहिलेला असा सन साधारणपणे शुहूर सन, म्हणजे मराठी दप्तरांतला जुना सन, असतो. त्यात ५९९ मिळवले की ज्या इसवी सनात ते वर्ष सुरू झाले तो आकडा मिळतो. फसलीत मात्र ५९० मिळवावे लागतात. म्हणजे १२२९ हाच आकडा शुहूर धरला तर १८२८-२९ येतो आणि फसली धरला तर १८१९-२०. नऊ वर्षांची ही चूक वंशावळीत एखादा माणूस जिवंत ठेवते किंवा मारते. दोन्ही सन मृगाच्या सुमारास, जूनच्या आरंभी पालटतात, त्यामुळे त्याच सनात माघ किंवा फाल्गुनातला कागद असेल तर इसवी सन एकाने पुढचा घ्यावा लागतो.

दुसरी अडचण अशी की ‘मयातैन व अलफ’, म्हणजे दोनशे आणि हजार, हे शब्द कारकून पुष्कळदा गाळतात, कारण त्या पानाचा वाचक आपले शतक जाणतच होता. नुसते ‘तिसा अशरीन’ ११२९ ही असू शकते, म्हणजे १७२८-२९. आपल्या पानावर ‘कलेक्टर’ हा शब्द आहे म्हणून शंका उरत नाही. तो नसता तर अक्षरावरून ठरवावे लागले असते. पेशवाईतले बोरूने लिहिलेले मोडी गोलसर आणि ठसठशीत असते. कंपनीच्या काळात टाक आल्यावर अक्षर बारीक, तिरके आणि घाईचे झाले. हा आडाखा आहे, पुरावा नव्हे, कारण जुने कारकून नव्या सरकारातही आपल्याच वळणाने लिहीत राहिले. जेथे कागदावर शके आणि संवत्सराचे नाव असेल तेथे ते आधी पाहावे. शके १७४० हे बहुधान्य संवत्सर, म्हणजे १८१८-१९; तोच शुहूर सन १२१९, ‘तिसा अशर’. ‘अशर’ दहा आणि ‘अशरीन’ वीस, ‘सबा’ सात आणि ‘सबैन’ सत्तर, ‘समान’ आठ आणि ‘समानीन’ ऐंशी. मोडीत शेवटचे अक्षर घसटले की असे दशक पालटते. शंका आली तर त्याच रुमालातील, म्हणजे दप्तराच्या कापडी गाठोड्यातील, मागचा-पुढचा कागद पाहावा, एका कारकुनाचे वर्षाचे कागद बहुधा एकत्र बांधलेले असतात.

तेव्हा आपले सखोजी १८२८-२९ साली शेत कसणारे, सरकारात वसूल देणारे प्रौढ गृहस्थ आहेत. ते पंचविशीचे धरले तरी जन्म १८०३-०४ च्या आसपास जातो. घरच्या वंशावळीप्रमाणे सखारामांचा जन्म १८८९, आणि पिढीला पंचवीस-तीस वर्षे धरली तर त्यांचे आजोबा सखोजी १८३० ते १८४० च्या दरम्यान जन्मलेले असावेत. दोन्ही सखोजी एकच धरायचे तर दोन पिढ्यांत पंचाऐंशी वर्षांचे अंतर मानावे लागते. दुसऱ्या-तिसऱ्या लग्नाची, उशिरा झालेली मुले असत, त्यामुळे ते अगदी अशक्य नाही, पण ताणलेले आहे. आपल्याकडे नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची चाल आहे आणि आपल्या वंशावळीतच सखोजी, राणोजी, सखाराम असे नाव फिरून आलेले दिसते. त्यामुळे दप्तरातले ‘सखोजी बिन राणोजी’ हे घरच्या सखोजींचे आजोबा असण्याची शक्यता मला अधिक वाटते, अर्थात ते आपल्याच कुळातले असतील तर. तसे असेल तर मधले एक राणोजी आपल्या वंशावळीत नाहीत. ‘सखोजी राणोजी सखोजी राणोजी’ अशी माळ तोंडपाठ सांगताना एक जोडी गळून पडणे अगदी सोपे असते. वंशावळ सांगणाऱ्याला वाटते की हे आपण आताच म्हटले.

बाळाजीचा उलगडा सोपा आहे. ‘हस्ते’ म्हणजे ज्याच्या हातून रक्कम आली तो. तो मुलगा असेल, भाऊ असेल, शेजारी असेल किंवा ज्याच्याकडून पैसे उचलले तो सावकार असेल. शब्द नाते सांगत नाही. नाते सांगणारे शब्द वेगळे आहेत: ‘बिन’ आणि ‘वलद’ म्हणजे अमक्याचा मुलगा, ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको. ‘निसबत’ आणि ‘दिंमत’ हे शब्द एखादा कोणाच्या पदरी किंवा कोणाच्या खात्याकडे आहे ते सांगतात. माझ्या उमेदवारीच्या काळात मी एका कागदावरचे ‘निसबत’ घाईत ओलांडून पुढचे आडनाव आधीच्या नावाला जोडले आणि मालकाच्या कुळात त्याच्या कारकुनाला बसवून दिले. चार महिने त्या चुकीच्या फांदीवर काम झाले. तेव्हापासून मी ओळ वाचताना प्रत्येक जोडशब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारतो आणि मगच नावे लिहून घेतो. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत आणि ऱ्हस्व-दीर्घ वेगळे दाखवत नाहीत, त्यामुळे ‘बिन’ आधीच्या किंवा पुढच्या नावात मिसळून जाणेही नेहमीचे आहे. राणोजी आणि रानोजी यांच्या ण-न भेदावर तर मुळीच विसंबू नका, कारकून दोन्ही लिहितो.

या कागदापासून घरच्या वंशावळीपर्यंतचा पूल इंदापूरच्या बाबतीत इतर तालुक्यांपेक्षा चांगला आहे, त्याचे कारण मात्र त्या तालुक्याच्या दुर्दैवात आहे. कंपनीचे अधिकारी प्रिंगल यांच्या पाहणीवरून १८३० च्या सुमारास जो आकार, म्हणजे जमिनीचा सारा, बसवला गेला तो लोकांना झेपला नाही. जमिनी ओस पडल्या आणि पुष्कळ कुळे निजामाच्या मुलखात निघून गेली. तेव्हा १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी येथे नव्याने मोजणी व आकारणी केली आणि १८३६-३७ पासून तीस वर्षांच्या मुदतीने दर बांधून दिले. पुढे मुंबई इलाख्यात सर्वत्र गेलेल्या सर्व्हे पद्धतीचा आरंभ याच तालुक्यात झाला. मुदत संपल्यावर १८६६-६७ च्या सुमारास फेरआकारणी झाली. म्हणजे आपल्याकडे १८२८-२९ चा हा कागद, मग १८३६-३७ आणि १८६६-६७ असे तीन टप्पे आहेत. भूमी अभिलेख कार्यालयात आणि तालुक्याच्या अभिलेख कक्षात त्या दोन आकारण्यांची शेतवार पत्रके, फैसल पत्रके किंवा आकारबंद मिळतात का ते विचारा. एकाच सर्व्हे नंबरवर पहिल्या खेपेस ‘सखोजी बिन राणोजी’ आणि दुसऱ्या खेपेस ‘राणोजी बिन सखोजी’ असे सापडले, तर तो दुवा नावाच्या शंभर साम्यांपेक्षा मोलाचा आहे, कारण तेथे जमीन साक्षीला उभी आहे.

त्यात दोन गोष्टी ध्यानात ठेवा. पहिली, सरकार एका नंबरामागे एक खातेदार धरी. चार भाऊ मिळून कसत असले तरी थोरल्याचे नाव लागे आणि बाकीचे तीन कागदावर नसत. दुसरी, खातेदार वारला तरी नाव लगेच बदलत असे असे नाही. १९०३ च्या हक्कनोंदणीच्या कायद्यानंतर फेरफार रीतसर नोंदले जाऊ लागले. त्याआधीच्या कागदात मयत आजोबा कितीतरी वर्षे सारा भरताना दिसतात. म्हणून १८६७ मध्ये सखोजींचे नाव दिसले तर ते हयात होते असे धरू नये. उलट, १८३६-३७ मध्ये नाव नसले तर कूळ खुंटले असेही धरू नये. ते निजामाच्या मुलखातून दहा वर्षांनी परत आलेल्या घरांपैकी एक असू शकते.

इंदापूर हा कसबा असल्यामुळे एक जास्तीची वाट आहे. आपले घराणे पेठेत राहून काही धंदाही करत असेल, तर मोहतर्फ्याच्या याद्या पाहा. तेली, साळी, कोष्टी, सोनार, वाणी यांच्यावरच्या या करात दुकानवार आणि मागवार नावे येतात, आणि ज्यांच्याकडे जमीन नाही अशी माणसे दप्तरात भेटण्याची ही जवळजवळ एकमेव जागा. १८४४ मध्ये मुंबई इलाख्यातला हा कर उठला आणि त्याबरोबर या याद्याही थांबल्या. त्या सालानंतर एखादे कोष्टी घर दिसेनासे झाले म्हणून त्यांनी गाव सोडला असे लिहिलेली एक छापील कुलकथा माझ्या पाहण्यात आहे. त्यांनी गाव सोडला नव्हता, फक्त कर भरायचा राहिला नव्हता.

इनाम आणि वतन यांच्या कागदांत वंशावळी तयार मिळतात, म्हणून पुष्कळजण प्रथम तिकडे धावतात. १८५२ च्या ११ व्या कायद्याखाली इनाम कमिशनने दावेदारांकडून कैफियती आणि पुरावे घेतले, पुढे १८७४ च्या वतन कायद्याखालीही वारसांची छाननी झाली. या वंशावळी दावा सिद्ध करण्यासाठी लिहिलेल्या आहेत. ज्या फांदीचा हक्क सांगायचा ती भरगच्च असते, ज्या भाऊबंदांना वाटा द्यायचा नाही त्यांची फांदी ‘निपुत्रिक’ म्हणून संपते, मुली बहुधा नसतातच, आणि दत्तक आलेला मुलगा कधी औरस म्हणून बसवलेला असतो. वाचायच्या तर समोरच्या पक्षाची कैफियत शेजारी ठेवून वाचाव्यात. भांडणात दोघेही खोटे बोलत असले तरी एकाच बाबतीत सहसा बोलत नाहीत. आपल्या घराण्याकडे वतनाची काही आठवण असेल तर ‘तक्षीम’ हा शब्द शोधा. थोरली तक्षीम, धाकटी तक्षीम अशी वतनाच्या वाट्याची वाटणी पिढ्यान्‌पिढ्या टिकते आणि त्यावरून फांद्या जुळतात. जुन्या महजरावर, म्हणजे गावच्या सभेच्या निवाडापत्रावर, सही न येणाऱ्याची निशाणी असते, पाटलाची नांगर, पेठेच्या प्रमुखाची, म्हणजे शेट्याची, तराजू, तीही उतरून घ्या.

सरकारी दप्तराच्या बाहेरचा पुरावा आपल्याला जवळच आहे. इंदापूरकर पिढ्यान्‌पिढ्या पंढरपूरला जात आले आहेत. पंढरपूर, नाशिक आणि त्र्यंबकेश्वर येथील क्षेत्रोपाध्यांच्या नामावळ्यांत यात्रेकरूने स्वतः सांगितलेली बाप, आजा, भाऊ, मुले यांची नावे गावासह असतात. हे सांगणाऱ्याला त्यात वसूल द्यायचा नव्हता किंवा जमीन मिळवायची नव्हती, म्हणून मला या नोंदी दप्तराइतक्याच, काही वेळा अधिक, विश्वासार्ह वाटतात. फक्त वही मूळची आहे की जीर्ण झाल्यावर उतरून काढलेली, ते उपाध्यायांना विचारून घ्या, आणि एकाच पानावरच्या वेगवेगळ्या वर्षांच्या भरी वेगळ्या ओळखा. शाई आणि अक्षर बदलते तेथे माणूस बदललेला असतो.

पुढच्या वेळी छायाचित्रे घ्याल तेव्हा फक्त आपल्या नावाची ओळ घेऊ नका. पानाचा माथा, पाठ, त्याआधीचे पान आणि रुमालाचा क्रमांक ही चार छायाचित्रे सोबत हवीत. रकान्यांची नावे बहुधा बंदाच्या पहिल्या पानावरच असतात, आणि त्याशिवाय मधल्या पानावरचा आकडा बिघे आहे की रुपये, हे सांगता येत नाही. या पानाचा माथा पुरा मिळाला तर ‘तिसा अशरीन’च्या पुढे महिना आहे का ते मी पाहून देईन. तोवर घरच्या तक्त्यात या सखोजींना पणजोबांच्या आजोबांच्या जागी बसवू नये. बाजूला वेगळ्या चौकटीत ‘सखोजी बिन राणोजी, उपरी, थळ शेंडे, १८२८-२९’ असे लिहून ती चौकट तुटक रेषेने जोडावी, आणि रेषेवर १८३६-३७ चा सर्व्हे नंबर लिहिण्यापुरती जागा मोकळी ठेवावी.